मूल घरीच राहावं म्हणून: बेळगाव सीमाभागात दिवसभराच्या सरकारी सोयी कशा मिळवायच्या

नवरा गेला, आजारपणात होतं नव्हतं ते संपलं किंवा सासरनं दार लावलं, की चार पाहुणे जमतात आणि बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं: "पोरांना कुठल्या तरी आश्रमात घाल. दोन वेळचं खायला मिळंल, शाळा होईल, तू कामाला मोकळी." सल्ला मनापासून दिलेला असतो, पण घाईचा असतो. बालन्याय कायदा २०१५ नुसार मुलाच्या सांभाळाची जबाबदारी आधी कुटुंबाची आहे आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा सगळे उपाय संपल्यावरचा उपाय आहे.

बहुतेक घरांत अडचण असते ती सकाळी आठ ते संध्याकाळी सहाची. आई कामावर गेली की मुलाजवळ कोण, याचं उत्तर नसतं. तेवढे तास भरून निघाले आणि महिन्याला थोडी रक्कम हाती आली, तर मूल स्वतःच्या घरात राहू शकतं. यासाठीच्या सोयी सरकारी पैशावर चालतात. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी या भागातल्या मराठी घरांना त्या मिळवता येतात, पण कागदपत्रं कन्नडमध्ये, ऑफिसं वेगवेगळी आणि माहिती व्हॉट्सॲपवरून आलेली, त्यामुळे अर्ध्या वाटेत लोक सोडून देतात. खालची माहिती त्या आईसाठी आहे, आणि तिच्यासाठी धावपळ करणाऱ्या बचत गटाच्या बाईसाठी, मास्तरांसाठी, शेजाऱ्यासाठीही.

आधी दिवसाचा तक्ता करा

कुठल्याही ऑफिसात जाण्याआधी एका पानावर तक्ता आखा. डावीकडे पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे तास, वर प्रत्येक मुलाचं नाव. प्रत्येक चौकटीत त्या वेळी मूल कुणाजवळ असतं ते लिहा. माहीत नसेल तर चौकट रिकामी सोडा.

समजा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत जाणारी बाई आहे. काम नऊ ते सहा. मुलं तीन: अकरा महिन्यांचं, चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं. तक्ता भरला की दिसतं की धाकट्याचा सगळा दिवस रिकामा आहे, मधल्याचे अंगणवाडी सुटल्यानंतरचे तास रिकामे आहेत आणि थोरलीचे शाळा सुटल्यापासून सहापर्यंतचे. पण प्रत्यक्षात घडतं काय, तर थोरली शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. म्हणजे धाकट्याची एक सोय झाली तर दोघांचा प्रश्न सुटतो. बाईला वाटत असतं की तिन्ही मुलांना कुठं तरी ठेवावं लागणार. तक्त्यातून कळतं की अडलंय ते एका पाळणाघरासाठी.

तक्त्याखाली आणखी दोन ओळी हव्यात. एक सुट्ट्यांची: कर्नाटकात शाळेची मधली मोठी सुट्टी दसऱ्याला पडते, मग एप्रिल-मेची. दुसरी हंगामाची: ऊसतोडीचे महिने, वीटभट्टीचे महिने, खानापूरच्या वरच्या अंगाला कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात ओढे भरून वाट बंद होते ते दिवस. सोय कोलमडते ती याच दिवसांत, आणि मूल "थोड्या दिवसांसाठी" म्हणून दूर पाठवलं जातं तेही याच दिवसांत.

हा कागद जपून ठेवा. पंचायतीत, बालसंरक्षण घटकात (मुलांच्या संरक्षणाचं जिल्ह्याचं सरकारी ऑफिस) आणि वेळ आली तर बालकल्याण समितीपुढंही (मूल कुठं राहावं हे कायद्यानं ठरवणारी जिल्ह्याची समिती) तोच दाखवायचा आहे.

सहा वर्षांखालचं मूल: अंगणवाडी, कूसिन मने, पाळणा

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांचं मूल बसतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, पण बसवून घेण्याची सोय साध्या अंगणवाडीत नसते. हा फरक न कळल्यानं पुष्कळ बायका लहान मूल घेऊन जातात, "एवढं लहान नको" हे ऐकतात आणि मोठ्याचंही नाव न घालता परत येतात. दोघांचंही नाव घालायचं: थोरल्याचं बसण्यासाठी, धाकट्याचं आहारासाठी आणि दरमहाच्या वजनासाठी.

आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे. तो वर्षातले ३०० दिवस मिळतो. तीव्र कुपोषित मुलाला जास्त आहार असतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित धरलं जातं आणि सोबत आजारपण असेल किंवा मूल खात नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस आईसकट ठेवायला सांगतात. घर विस्कटतं ते इथंच: आई दवाखान्यात, बाकीची मुलं घरी. आई केंद्रात जायच्या आधीच मागं राहणाऱ्या मुलांचं कोण बघणार हे अंगणवाडी टीचरला आणि आशाताईला सांगून ठरवून घ्या. ते न ठरवता गेलेल्या बाया चौथ्या दिवशी मूल उचलून घरी येतात, आणि त्या मुलाचं वजन पुन्हा उतरतं.

अंगणवाडीत मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नाव घालतात. कामासाठी दुसऱ्या गावी आलेल्यांनाही नोंद मिळते. पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे, त्यामुळे विजापूर, बागलकोट किंवा बीडहून ऊसतोडीला आलेल्या जोडप्याचं मूल मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत घेता येतं. "तुमचं नाव तिकडं आहे" असं उत्तर आलं तर जुन्या अंगणवाडीचं गाव आणि आईचा आधार नंबर द्या आणि नोंद इकडं फिरवून घ्यायला सांगा.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी खरा उपयोग 'कूसिन मने' या पंचायतीच्या पाळणाघराचा. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारनं ४,००० ग्रामपंचायतींत ही पाळणाघरं सुरू करायचं ठरवलं. रोजगार हमीवर जाणाऱ्या आणि गावातल्या इतर कष्टकरी बायकांची मुलं इथं सांभाळायची, आणि सांभाळायला गावातल्याच जॉबकार्ड असलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन नेमायचं, अशी रचना आहे. तुमच्या पंचायतीत ते आहे का, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा. पाटी लागलेली आणि दार बंद, अशीही ठिकाणं असतात, म्हणून स्वतः एकदा सकाळी जाऊन बघा.

नसेल तर मागणी कशी करायची? "आमच्या गावात पाळणाघर हवं" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. सोबत यादी हवी: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, जॉबकार्ड नंबर, कामाचं ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गरज. पंधरा-वीस मुलांची सह्या-अंगठ्यांसकट यादी असली की पीडीओंना ती बाजूला सारता येत नाही. त्याबरोबर जागाही सुचवा: शाळेची रिकामी खोली, समुदाय भवन, पंचायतीची जुनी इमारत. तळमजला, बंदिस्त अंगण, पाणी, संडास, पंखा, आणि जवळपास उघडी विहीर, शेततळं किंवा वर्दळीचा रस्ता नसणं, एवढं बघून घ्या. मग ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि ठरावाची प्रत मागा. ठरावाशिवाय पुढं तालुका पंचायतीच्या ईओंकडं (कार्यकारी अधिकाऱ्यांकडं) गेलात तर ते पुन्हा पंचायतीकडंच पाठवतात.

चालू झालेलं कूसिन मने बंद पडायची कारणं नेहमीची आहेत. सांभाळणाऱ्या बाईचा पगार रखडतो आणि ती दुसऱ्या कामाला लागते. तिचे रोजगार हमीचे दिवस भरतात आणि तिच्या जागी येणारी तयार नसते, म्हणून दोन बायका कामावर असताना पुढच्या दोघींचं प्रशिक्षण झालेलं असावं, असा आग्रह धरा. सगळ्यात मोठं कारण मात्र वेळ. पाळणाघर दहाला उघडतं आणि भांगलणीला, ऊसतोडीला बाई सातलाच, कधी त्याही आधी गेलेली असते. मुलं येत नाहीत, हजेरी कमी दिसते आणि "गरज नाही" असा शेरा पडतो. म्हणून मागणीच्या यादीत वेळेचा रकाना ठेवायचा आणि हंगामापुरती वेळ बदलून घेण्याचा मुद्दा ग्रामसभेतच मांडायचा. तोवर सकाळच्या दोन तासांसाठी दोन-तीन घरांनी पाळी लावून मुलं एकत्र ठेवणं हा मधला मार्ग आहे. आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडं तान्हं मूल देणं हा मार्ग नव्हे.

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतली 'पाळणा' ही आणखी एक सोय. यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलेलं असतं आणि सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास असा हिशोब आहे. कुठल्या अंगणवाडीला ही मंजुरी आहे ते तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसात कळतं.

रोजगार हमीच्या जागेवरही मूल नेता येतं. बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमून तिला पूर्ण मजुरी द्यायची, हा हक्काचा भाग आहे. तो कामाच्या पहिल्या दिवशी मागायचा, आठवड्यानं नाही. उद्यमबाग-मच्छेकडच्या कारखान्यांत पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर पाळणाघराची सोय मालकानं करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यावं लागतं. घरी बसून विड्या वळणारीला हा नियम उपयोगी पडत नाही. तिनं मात्र एक जपावं: तंबाखूच्या भुशाजवळ रांगतं मूल ठेवू नये. मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि थोडी तंबाखूही त्याच्या जिवावर बेतू शकते.

मूल पाळणाघरात बसवताना पहिला आठवडा घाई करू नका. पहिले दोन दिवस तासभर, आई तिथंच. मग दोन दिवस आईशिवाय दोन तास. मग जेवणापर्यंत, आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस. पहिल्याच दिवशी आठ तास टाकलेलं मूल रडून ताप आणतं आणि आई हरून त्याला परत नेते. सोबत दोन जोड कपडे, दुपटं, आणि एका चिठ्ठीवर हे लिहून द्या: मुलाला काय सोसत नाही, कुठलं औषध चालू आहे, आईचा फोन, आणि मूल न्यायला कोण दोन माणसं येतील. त्या दोघांखेरीज कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, हे टीचरला स्पष्ट सांगा. घरात दारू किंवा नवरा-बायकोचा वाद असेल तर ही चिठ्ठी फार कामाला येते.

शाळेत जाणारं मूल

इथं सोय बरीचशी हातात असते. शाळा, दहावीपर्यंत दुपारचं जेवण, आणि सहा ते चौदा वयाला प्रवेशाचा हक्क. मध्येच गाव बदललं तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मराठी माध्यमाची शाळा जवळ असेल तर तिथंच घाला. भाषा कळत नाही म्हणून वर्गात गप्प बसणारं मूल शाळा टाळायला लागतं, आणि शाळा सुटलेलं मूल घरी टिकवणं अवघड.

शाळा सुटल्यानंतरच्या दोन-तीन तासांसाठी पंचायतीचं वाचनालय, म्हणजे 'अरिवु केंद्र', बघा. मुलांना तिथं नाव घालायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी उघडं असतं का आणि मराठी पुस्तकं आहेत का, हे विचारा. नसतील तर मुलांच्या ग्रामसभेत मुलांनाच मागू द्या. कर्नाटकात दरवर्षी पंचायतीला मुलांची ग्रामसभा घ्यावी लागते आणि तिथं आलेल्या मागण्या नोंदवाव्या लागतात.

महिन्याचे ४,००० रुपये: प्रायोजकत्व योजना

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली मूल घरी ठेवण्यासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. प्रत्येक मुलामागं, अठरा वर्षांपर्यंत. कन्नड फॉर्मवर 'प्रायोजकत्व योजने' असंच लिहिलेलं असतं, आणि अर्ज जिल्हा बालसंरक्षण घटकात द्यायचा असतो. बोर्डावर 'मक्कळ रक्षणा घटक' दिसेल.

कुणाला? विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यानं टाकलेल्या आईची मुलं. आईबाप दोघंही नसलेली आणि आजी, मामा, चुलत्याकडं वाढणारी मुलं. आईबापांना जिवावरचा आजार किंवा सांभाळ अशक्य करणारं अपंगत्व आलं असेल ती मुलं. शिवाय बालमजुरी, बालविवाह, भीक मागणं यातून सोडवलेली आणि कायद्यानं संरक्षणाची गरज असलेली इतर मुलं. उत्पन्नाची अट अशी: खेड्यात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत. महिन्याला धरलं तर सहा आणि आठ हजार.

कागद पुढीलप्रमाणे जमवा: मुलाचा जन्मदाखला आणि आधार, आईचं किंवा सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यूदाखला किंवा आजाराचे दवाखान्याचे कागद, शाळेचं 'व्यासंग प्रमाणपत्र', मुलाच्या नावाचं बँकखातं आणि फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. फॉर्म फुकट असतो. तो विकणारा किंवा "मंजूर करून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला आधारची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

अर्ज अडतो तो बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावर. कर्नाटकात तो पाच वर्षं चालतो, म्हणून बाया नवरा असताना काढलेला जुनाच जोडतात. त्यात नवऱ्याची कमाई धरलेली असते आणि आकडा ७२,००० च्या वर जातो. नवरा गेल्यानंतर नाडकचेरीत (महसूल खात्याचं दाखले देणारं ऑफिस) नवा दाखला काढायला टाका, सोबत मृत्यूदाखला जोडा आणि गावच्या तलाठ्याला घरची सध्याची परिस्थिती सांगा. मिळालेल्या पावतीवरचा आरडी नंबर (अर्जाचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा. पुढं सगळीकडं तोच विचारतात.

नवऱ्यानं टाकलेल्या बाईजवळ तर कागदच नसतो. पोलिसांत किंवा महिला साहाय्यवाणीकडं तक्रार केली असेल तर तिची प्रत, पोटगीचा दावा असेल तर त्याचा नंबर, नसेल तर पंचायतीचं पत्र आणि स्वतःचं लेखी निवेदन, यांतलं जे असेल ते द्या. घटकाचा कार्यकर्ता घरी येऊन अहवाल करतो तेव्हा शेजारच्या दोघांना बोलायला थांबवा. अशा अर्जांचा निकाल बराचसा त्या अहवालावर ठरतो. त्या दिवशी घर आवरून, उसनी खुर्ची आणून बसू नका. जसं आहे तसं दिसू द्या आणि दिवसाचा तक्ता हातात द्या.

जिल्हा पातळीवरची समिती मंजुरी देते आणि पैसे खात्यावर जमा होतात. निधी मर्यादित असतो, त्यामुळे पात्र असूनही थांबावं लागतं. रक्कम कधी दोन-तीन महिन्यांची एकदम येते, म्हणून तिच्या भरवशावर हप्त्याचं कर्ज काढू नये. मुलाच्या खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय करते आणि आलेली रक्कम अडकते, तेव्हा अर्जाआधी पासबुक भरून खातं चालू असल्याची खात्री करा. दरवर्षी फेरतपासणी होते. शाळेतली हजेरी ढासळली तर मदत थांबू शकते. मूल आजारी म्हणून महिनाभर घरी राहिलं असेल तर दवाखान्याचा कागद शाळेत देऊन ठेवा.

सीमेवरच्या घरांची खास अडचण

चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या मुली इकडं दिलेल्या, इकडच्या तिकडं. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे आईचं आधार एका राज्यातलं, मुलाचा जन्मदाखला दुसऱ्या, आणि रेशनकार्डात बाईचं नाव अजून माहेरीच. इथं तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

जन्म-मृत्यूचा दाखला जिथं घटना घडली तिथलाच मिळतो आणि तो दोन्ही राज्यांत चालतो. अथणी-कागवाडचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात वारला तर दाखला मिरजेतूनच आणायचा. इकडच्या पंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुःखाच्या दिवसांत हे राहून जातं, म्हणून घरातल्या जाणत्यानं ते स्वतःच्या अंगावर घ्यावं.

योजना मूल जिथं राहतं त्या जिल्ह्याची. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये हे मराठी वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॲपवर फिरत असतं, आणि खानापूर-निपाणीकडचे लोक कोल्हापूरला जाऊन परत येतात. मूल कर्नाटकात राहत असेल तर अर्ज बेळगावात. विधवा लेक मुलांसकट कोल्हापूर जिल्ह्यातल्या माहेरी कायमची गेली असेल तर अर्ज तिकडं, आणि मग मुलाची शाळाही तिकडचीच हवी. दोन्हीकडं नाव घालायला जाऊ नका, कारण दोन्ही अर्ज बाद होण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट नावाची. मराठी शाळेच्या हजेरीत एक, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं दुसरं, पासबुकात तिसरं. 'लक्ष्मी' आणि 'लक्ष्मीबाई' एवढा फरकही बँक आणि ऑफिस धरून बसतात. अर्जाआधी सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि आधार दुरुस्त करायचं की पासबुक, ते ठरवून एकाच नावावर सगळं आणा.

अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा? गाऱ्हाणं मांडायला संविधानाच्या ३५० व्या कलमानं राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते. तो हक्क आहे आणि तो सोडायचं कारण नाही. पण मुलाची मदत भाषेच्या वादात अडकून पडू नये, म्हणून कन्नड अर्ज वर आणि मराठी प्रत त्याला जोडून, असं द्यावं. कॉलेजात कन्नड शिकणारी गावातली पोरं हे तासाभरात लिहून देतात. कन्नड कागद कुणी मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा करायचा नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बेळगावला जायला बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही, मात्र राज्यातल्या पत्त्याचं ओळखपत्र जवळ हवं. महाराष्ट्राच्या एसटीत ही सवलत धरू नका.

मूल अपंग असेल तर

अशी मुलं घरापासून सगळ्यात आधी तुटतात, म्हणून इथं उशीर नको. अंगणवाडीनं अपंग मूल नाकारायचं नाही, त्यांच्यासाठी केंद्रानं २०२३ मध्ये वेगळी कार्यपद्धतीच घालून दिली आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीला एक गावपुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो आणि तो स्वतःही अपंग असतो. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, पहिल्यांदा त्याला गाठा. शाळेपर्यंत जाऊच न शकणाऱ्या मुलाला समग्र शिक्षणाखाली घरी येऊन शिकवायची सोय आहे, तिची मागणी तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात करायची. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 'निरामय' विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचार-खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही येते. सांभाळणाऱ्या आईला आठवड्यातून एक दुपार तरी सुट्टी मिळेल असं घरात ठरवा. ते योजनेत कुठंच लिहिलेलं नाही, पण त्यावाचून बाकीचं फार दिवस चालत नाही.

मूल आधीच बालमंदिरात (बालगृहात) असेल, किंवा कुणी मागत असेल

"आमच्या होस्टेलला द्या, सगळं फुकट" म्हणत गावात माणसं फिरतात. त्यांच्याकडं बालन्याय कायद्याखालचं नोंदणीपत्र मागा आणि ते खरं आहे का हे जिल्हा बालसंरक्षण घटकाला विचारा. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवणं गुन्हा आहे. कोऱ्या किंवा न कळणाऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. एखाद्या आईनं बालकल्याण समितीपुढं मूल कायमचं सोडल्याचं लिहून दिलं असेल, तरी फेरविचाराला कायद्यानं दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत समितीकडं लेखी द्यायचं की मूल परत हवं आहे.

मूल बालमंदिरात असेल आणि घरी आणायचं असेल तर अर्ज बालकल्याण समितीला. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसते. तिथं "आमचं मूल आम्हाला द्या" एवढं पुरत नाही. समितीला बघायचं असतं की आता काय बदललं. म्हणून अर्जाला हे जोडा: दिवसाचा तक्ता, अंगणवाडीचं किंवा शाळेचं मूल घेण्याची तयारी दाखवणारं पत्र, घरात आणखी कोण मोठं माणूस आहे त्याचं आधार, आणि ज्या कारणानं मूल गेलं होतं त्यावर काय केलं याच्या चार ओळी. बाप दारू पिऊन मारत असेल तर तो आता कुठं राहतो, हे लपवू नका. गृहभेटीत ते कळतंच आणि मग सगळ्या अर्जावरचा विश्वास जातो. मूल घरी देताना समिती प्रायोजकत्वाचाही आदेश करू शकते, पण तो तुम्ही त्याच अर्जात मागितला पाहिजे. नंतर वेगळा अर्ज केला तर पुन्हा पहिल्यापासून चौकशी होते.

घरी आलेल्या मुलाकडं काही महिने कार्यकर्ता येत राहतो. त्याला घाबरून दार लावू नका. पाळणाघर बंद पडलं, शाळेत अडचण आली, पैसे थांबले, हे त्यालाच सांगायचं. एरवी १०९८ वर दिवसरात्र फुकट फोन करता येतो, आणि फक्त माहिती विचारण्यासाठीही तो नंबर चालतो. समितीनं नाही म्हटलं तर आदेशाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, कारण अपिलाची ३० दिवसांची मुदत असते आणि अपिलाला ती प्रत जोडावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मुलासाठी आणि आईसाठी फुकट मिळतो. प्रत घेऊन सरळ तिकडं जा.